खूण कुणाची

"काढा धार, ताई. आटली नसंल अजून."

खुर्चीत बसायच्या आधीच त्या मेंढपाळ बाबांचा डावा हात टेबलावर यायचा. छत्रपती संभाजीनगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी रक्त घेण्याचं काम करते. सुई पाहून तोंड फिरवणारे धट्टेकट्टे गडी तुम्हीही पाहिले असतील. बाबा मात्र नळीत रक्त चढताना टक लावून बघायचे आणि वर मलाच शिकवायचे, "जनावराला घाई कळती, ताई. हळू."

खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरात त्यांची मेंढरं होती. फुप्फुसाचा कॅन्सर कळला तेव्हा ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं ठरलं. शरीराचे झोपलेले राखणदार हे औषध जागे करतं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजी लांडगा आत अन् कुत्रं झोपलेलं. उठवा की त्याला." डॉक्टर हसले. एवढं सोपं त्यांनाही कधी सांगता आलं नसेल.

त्यांचा एकच हट्ट होता. नळीवर नावाची चिठ्ठी त्यांच्यासमोर चिकटवायची. "खूण करा आधी. कळपात मिसळलं तर कुणाचं कुणाला घावंल?" मेंढराच्या कानाला ज्याच्या-त्याच्या घरचा काप असतो आणि त्यावरून मालक कळतो, हे मला त्यांनीच सांगितलं.

पहिल्या सलाईनच्या आधी आणि तिसऱ्याच्या नंतर मी दोन-दोन नळ्या जास्त घेतल्या. "ह्या कशाला?" त्यांनी विचारलं. गाठीचे बारीक अंश रक्तात फिरतात, ते वाढले तर औषध लागू पडत नाही असं समजायचं, हे त्यांना कसं सांगावं? मला त्यांचाच शब्द आठवला. म्हटलं, "रक्तात खूण शोधतात, बाबा." बाहेर रांग होती, पुढचं सांगायचं राहिलं. सोपं बोलले म्हणून स्वतःवर खूशही झाले.

रिपोर्ट आला त्या दिवशी ते डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे आले, फडक्यात सीताफळं बांधून.

"खूण घावली, ताई. पोरानं मोबाईलवर वाचलं. पहिल्यापरीस लई हाय म्हणं. देवाला भंडारा वाहूनच आलो."

"आत जा, डॉक्टर सांगतील," एवढंच मी म्हणाले. त्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. स्कॅननंही तेच सांगितलं होतं. औषध बंद झालं होतं, आणि दुसरं काही सोसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सवयीनं ते खुर्चीत बसले, हात टेबलावर ठेवला.

"आज घ्यायचं नाही, बाबा," मी म्हणाले. "मी नीट सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"तुमचं नाय चुकलं." बाही खाली ओढत ते म्हणाले, "खूण व्हती, पर लांडग्याची व्हती. म्हंजी आता मी त्याच्या कळपातला."

महिन्याभरानं मुलगा एकटाच आला, फाईल मागायला. मी त्याला रेकॉर्डच्या खिडकीपाशी नेलं.

आता जास्तीच्या नळ्या कशाला असं कुणी विचारलं तर मी 'मार्कर' म्हणते. कुणाला काही कळत नाही आणि कुणी पुढं विचारत नाही. चिठ्ठी मात्र आजही पेशंटसमोर चिकटवते. वर नाव त्याचंच असतं. आत खूण कुणाची निघेल, ते मला सांगता येत नाही.