चिन्नीचे नऊ श्रावण

जन्मात मासळीला हात न लावलेल्या माणसाच्या नशिबी पाणमांजर यावं, याला काय म्हणायचं? गुरुसिद्ध शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या बागेत माळी होता. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि स्वभाव असा की मुंगीला वाट देऊन चालणार. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात भोयांच्या जाळ्यात पाणमांजराचं पिल्लू सापडलं. बागेत मोर, ससे, दोन माकडं होतीच. अध्यक्षांना आणखी काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी सिमेंटची टाकी बांधली, जाळी मारली आणि पिल्लू गुरुसिद्धच्या हवाली केलं.

टाकी चार पावलं लांब. नदीभर हुंदडायचा जीव तिच्यात दिवसभर गोल गोल फिरायचा आणि लोक टाळ्या पिटायचे. गुरुसिद्धला त्या टाळ्यांची चीड यायची.

धोंडुबाई कोळीण रोज सकाळी मासे आणून द्यायची. तो ते चिमट्यानं आत टाकायचा. पिल्लू तोंड लावीना. तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात पडून राहिलं, तेव्हा त्यानं डोळे मिटून मासा हातात धरला. पिल्लानं खाल्ला. पिल्लू मादी होतं, गुरुसिद्धनं तिचं नाव चिन्नी ठेवलं. त्यानंतर तिनं दुसऱ्या कुणाच्या हातचं कधी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमानच वाटायचा.

घरी त्याची बायको शांतव्वा उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली आणि लिंबाची फोड ठेवायची. "हात घासून आत या," एवढंच बोलायची. श्रावणात मात्र ती त्याला घरात घेत नसे. महिनाभर तो बागेतल्या अवजारांच्या खोलीत झोपायचा, भाकरी घरून यायची. असे नऊ श्रावण गेले.

दहाव्या श्रावणाच्या तोंडावर शांतव्वाच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. ती म्हणाली, "एवढा एक श्रावण मासळी शिवू नका. देवाला शब्द दिलाय." मरणाच्या भीतीनं बोलणाऱ्या बायकोला नाही कसं म्हणायचं?

त्यानं महिन्याची रजा काढली आणि बागेचा वॉचमन जोतीराम याच्याकडे किल्ली दिली. "श्रावणभर मासळी न शिवायचा नेम हाय मला. तू हातानं भरीव. खाईना झाली तर लगीच सांगाय ये."

ऑपरेशन नीट झालं. शांतव्वा उठून बसायला लागली. जोतीराम काही आला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं गुरुसिद्धनं धरलं. श्रावण संपल्यावर तो बागेत गेला. टाकी कोरडी होती.

"बाराव्या दिवशी गेली," जोतीराम मान खाली घालून म्हणाला. "माझ्या हातचं घेतलंच न्हाय. दोनदा तुमच्या दारापतोर आलतो. पर वैनी खाटंवर, तुमचा नेम. सांगितलं तर तुम्ही पळत येणार, नेम मोडणार. तसाच माघारी फिरलो."

त्याला शिवी तरी कशी द्यायची? त्यानं गुरुसिद्धचा नेमच राखला होता.

संध्याकाळी गुरुसिद्ध घरी आला तेव्हा उंबऱ्याबाहेर बादली आणि लिंबू होतं. शांतव्वा भिंतीला धरून उभी होती. "हात घासून या," ती म्हणाली.

"कशाला? आता वास न्हाय."

शांतव्वा पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून उंबरा ओलांडून बाहेर आली, आणि त्याचे ते हात न धुताच तिनं आपल्या हातात घेतले.