सरासरी सहा

माझे धाकटे दीर आमच्याच कारखान्यात भट्टी सांभाळायचे आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत होते. घरी काय, कामावर काय, मी त्यांची वहिनीच. त्यांनी मला एकदाही मॅडम म्हटलं नाही. मॅनेजर नाक मुरडायचे. मुरडू देत.

माणूस कामात चोख. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून आच सांगायचे. मीटरला त्यांच्यामागून जाग यायची. पण जाऊबाई गेल्या आणि भाऊजी बधिर झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत. जेवलात का विचारलं तर म्हणायचे, "जेवलो असेन."

"असेन काय? पोट तुमचं की शेजाऱ्याचं?"

हसायचेही नाहीत. निवृत्तीला आठ महिने होते. काय करायचं ते त्यांना न विचारता कळे, अशी भट्टी ही एकच जागा उरली होती.

त्याच दिवसांत ट्रकच्या ॲक्सलची एक खेप भट्टीत तीन तास जास्त राहिली. घंटा वाजली तेव्हा भाऊजी समोरच उभे होते. त्यांना ती ऐकूच आली नाही.

पोलाद कणांचं बनलेलं असतं, हे शिकलेल्यांनाही समजावावं लागतं, म्हणून सांगते. कण बारीक असले की त्यांच्यामधल्या सीमा जास्त, आणि आत शिरलेली चीर सीमेसीमेवर अडखळते. आच जास्त वेळ लागली की काही कण शेजाऱ्यांना गिळून फुगतात, बाकीचे बारीकच राहतात. अशी सरमिसळ वाईट. चीर फुगलेल्यांतून सरळ वाट काढते.

मी तुकडा कापला, घासून आरसा केला, आम्लात बुडवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाच जागा बघायच्या, नंबर द्यायचे आणि रिपोर्टात फक्त सरासरी लिहायची, ही आमच्याकडची रीत. नंबर मोठा तितका कण बारीक. आले आठ, आठ, आठ, तीन, तीन. सरासरी सहा. पाचाच्या वर पास.

मॅनेजर म्हणाले, "सहा लिहा आणि मोकळ्या व्हा."

"पाच भावांची सरासरी काढली तर घरात एकही वेडा निघत नाही, साहेब."

"तुमच्याच दिराची भट्टी वाचतेय, बाई."

तेही खरंच होतं. खोटं कशाला बोलू, पेन उचललं होतं मी. तेवढ्यात भाऊजी दारात आले.

"वहिनी, पास?"

"सरासरीत पास. या इकडे."

खाच पाडलेले दोन तुकडे मी एकामागून एक लोलकाच्या हातोड्यासमोर ठेवले, एक जुन्या चांगल्या खेपेतला, एक त्यांचा. पहिल्यावर हातोडा आपटला. तुकडा वाकला, कसाबसा फाटला आणि हातोड्याचा जोर ओसरला. दुसरा बिस्किटासारखा तुटला. हातोडा जणू वाटेत काही नव्हतंच असा पलीकडे वर गेला.

भाऊजींनी अर्धा तुकडा उचलला. तुटलेली बाजू साखरेसारखी चकाकत होती. बराच वेळ बोटाने चाचपत राहिले.

"नापास लिहा."

"भट्टी जाईल तुमची."

"हो."

"भाऊजी, काहीतरी वाटू द्या हो स्वतःला!"

"वाटलं की सांगेन," म्हणाले. चेष्टा नव्हती ती.

मी पाचही नंबर लिहिले आणि खाली नापास. खेप पुन्हा तापवली, या वेळी मोजून, आणि जुने कण मोडून नवे, बारीक तयार झाले. पोलादाला ती सोय असते. भाऊजींना पॅकिंगमध्ये खोके बांधायला बसवलं.

आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत आले.

"त्या खेपेचं काय झालं?"

"आठ. पाचही जागी आठ. बघायचंय?"

मी सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे सरकवला. ते वाकले, एक डोळा मिटून बघितलं.

"कुणी तापवली?"

"नव्या माणसाने."

"नीट तापवलीय," ते म्हणाले आणि खोके बांधायला गेले.