खुर्ची सरकते ते गाणं

"थांबा जी. आता येते."

असं म्हणून भाऊ उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि डोळे अर्धे मिटून घ्यायचे. जिप्सीत बसलेल्या पाहुण्यांना वाटायचं, वाघ. आणि बहुतेक वेळा झुडपातून खरोखरच वाघ निघायचा. पण मंगळवारी जंगल बंद असतं. मंगळवारी तेच बोट मोहर्लीच्या चहाटपरीवर वर व्हायचं, आणि मग यायचं ते गिटार.

आम्ही चौघे होतो. जंगलाच्या गेटाजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर म्हणजे मी, शाळेतले एक गुरुजी, टपरीवाला आणि सफारीची गाडी चालवणारे हे भाऊ. चौघांना एकच खूळ, जुनी इंग्रजी गाणी. हसू नका. चंद्रपूरच्या कॉलेजात असताना मला हे खूळ लागलं आणि माझ्यामुळे बाकीच्यांना, असा माझा समज होता. कोणत्या बँडचा ड्रमवाला भारी यावर आम्ही असे हमरीतुमरीवर यायचो की टपरीवाल्याचा चहा उतू जायचा. मला गाण्यांची नावं, सालं, कोण कधी बँड सोडून गेला, सगळं तोंडपाठ. ते मी फार मिरवायचो.

भाऊंचं इंग्रजी 'लेफ्ट साइड', 'राइट साइड' आणि 'नो टॉकिंग प्लीज' एवढ्यावर संपायचं. खूप वर्षांपूर्वी एक गोरा पाहुणा त्यांच्या गाडीत एक कॅसेट विसरून गेला होता. तिला ना डबी होती, ना वर काही लिहिलेलं. मग भाऊंनी स्वतःच गाण्यांची बारशी केली. एक 'चितळवालं', कारण गाणारा मध्येच वाघ पाहिलेल्या चितळासारखा ओरडतो. एक 'रानकोंबड्याचं'. आणि सगळ्यांत लाडकं 'खुर्चीवालं'.

"नाव पाठ करून गाणं आयकू येते का बाबू?" मी फार शहाणपणा केला की ते मला विचारायचे. मला बाबू म्हणायचे.

त्यांच्या जिप्सीतल्या टेपला दोन स्पीकर होते. उजवीकडची वायर उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे डावीकडचा तेवढा वाजायचा. मी चिडवायचो, "भाऊ, तुम्ही जन्मभर अर्धंच गाणं ऐकलंत."

"अर्धं तं अर्धं, पण ध्यान देऊन आयकलं ना जी."

आता ते खुर्चीवालं गाणं. हळू चालीचं, उदास गाणं आहे. मध्येच सगळी वाद्यं बारीक होतात, एक गिटार तेवढं वाजत राहतं, आणि भाऊंचं म्हणणं असं की तिथे मागे कोणीतरी खुर्ची सरकवून उठतो. "काऊन उठला असंन तो? पाणी प्याले? का त्याले रडू आलं असंन?" या खुर्चीवाल्या माणसाची त्यांना वर्षानुवर्षं काळजी होती.

आम्ही फोनच्या बारक्या स्पीकरवर ते गाणं दहादा लावलं. खुर्चीबिर्ची काही नाही. "गाडीत या, आयकवतो," ते म्हणायचे. गाडी वीस पावलांवर उभी असायची. आम्ही एकदाही उठलो नाही. टपरीवर बसून हसण्यात जास्त मजा होती.

एका मंगळवारी रिसॉर्टमध्ये पुण्या-मुंबईचे बरेच पाहुणे होते. सफारी नाही, म्हणून कंटाळलेले. मी दुपारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि भाऊंना निरोप दिला, "तुमचा कार्यक्रम आहे." माझ्या मनात काय होतं ते आता सांगायलाच हवं. मला त्यांची गंमत दाखवायची होती.

भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले. खिशात कॅसेट होती. मी म्हटलं, "ती राहू द्या, फोनवर सगळं आहे." सकाळी रिसॉर्टच्या मांडवातला डावीकडचा स्पीकर गुणगुण करत होता, म्हणून मीच त्याची वायर काढून ठेवली होती. एका स्पीकरवर कार्यक्रम सुरू झाला. चितळवालं झालं, रानकोंबड्याचं झालं. भाऊंनी चितळाची आरोळी अशी हुबेहूब काढली की लोक पोट धरून हसले. भाऊही हसले.

मग खुर्चीवालं. त्यांनी माईकमध्ये सांगितलं की खुर्ची सरकते ती जागा आली की मी बोट वर करीन. जागा आली. "थांबा जी. आता येते." सगळा मांडव गप्प झाला. लहान पोरंसुद्धा गप्प.

काहीच आलं नाही. गाणं पुढे गेलं, आणि भाऊंचं बोट वरच राहिलं.

मी दुसरा माईक उचलला आणि म्हणालो, "भाऊ, खुर्ची गाण्यात नाही हो, तुमच्या कानात आहे!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! भाऊंनी बोट खाली घेतलं. "असंन जी," एवढंच म्हणाले, आणि माईक दोन्ही हातांनी मला परत दिला.

त्यानंतर ते मंगळवारी टपरीवर आले नाहीत. गेटावर रोज भेटायचे. "राम राम, साहेब." बाबू म्हणणं संपलं.

दोन-तीन महिन्यांनी मी चांगले हेडफोन घेतले. एका दुपारी ऑफिसात ते गाणं लावलं, आणि डाव्या कानात खुर्ची सरकली. स्पष्ट. लाकडी खुर्ची, दगडी फरशीवर. मी पुन्हा लावलं. उजव्या कानात नुसतं गिटार, आणि डावीकडे त्या शांततेत फक्त ती खुर्ची. भाऊंचा डावा स्पीकर चालू होता, माझा मी बंद केला होता. अर्धं गाणं त्या दिवशी मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. लाजेनं माझे कान तापले.

भाऊ तेव्हा गेटावरच होते. खिडकीतून दिसत होते. जाऊन दोन शब्द बोलायचे होते. पण मग गुरुजींना, टपरीवाल्याला, सगळ्यांनाच सांगावं लागलं असतं की मी चुकलो. म्हटलं, मंगळवारी सांगू. असे किती मंगळवार गेले ते विचारू नका. "राम राम, साहेब." "राम राम, भाऊ." पुढे पावसाळ्यात ते कावीळ होऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले, आणि तिथेच गेले.

तेरवीला मी पंगतीत बसलो होतो. कोरपन्याला दिलेली त्यांची मुलगी भात वाढत आली, माझ्यापुढे थांबली.

"तुमीच ना ते गाण्याच्या कार्यक्रमाचे साहेब? बाबा लय सांगे. माईक देला म्हणे तुमी त्यायले."

"हो."

"अन् ते खुर्चीवालं गाणं लावलं म्हणे. सर्व्यायले आयकू आली म्हणे खुर्ची. टाळ्या पडल्या म्हणे."

भाऊंनी घरी जाऊन असं सांगितलं होतं.

"आली," मी म्हणालो. "सगळ्यांना ऐकू आली."

ती दारात बसलेल्या आईकडे वळली. "पाह्य! अन् तू म्हणे, तुझा बाप खोटं सांगून राह्यला."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून पत्रावळीतला भात कालवत राहिलो.