चार दिवसांचं ऊन

उत्तमभाऊ गेल्याचं सांगायला पाचोऱ्याहून त्यांचा पुतण्या आला, तेव्हा त्याच्या काखेत माझा टेबलफॅन होता. "काकू म्हणल्या, सरांचा शे. चार दिन ऊनमा ठेवा, मंग लावा." माणूस गेला आणि पंखा आला.

उत्तमभाऊ विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचे. तांब्याची तार गुंडाळायची, तिला वॉर्निश पाजायचं आणि मोटार चार दिवस पत्र्यावर उन्हात ठेवायची. केळी वाळते म्हणून शेतकरी हातापाया पडला, तरी पाचव्या दिवसाआधी मोटार हलत नसे. तरुणपणी घाईनं एक ओलीच दिली होती, ती संध्याकाळपर्यंत जळाली. तेव्हापासूनचा हा हट्ट.

तिशीत त्यांचा पाय बधिर झाला आणि दोन महिन्यांत आपोआप सुधारला. मग एक डोळा अंधुक झाला, तोही सुधारला. पन्नाशीनंतर मात्र गेलेलं परत येईना. बोटांत तार ठरेना, आणि तार सुटली तर भाऊंकडे उरणार काय? मी त्यांच्याच गावचा, आता धुळ्यात देवपूरला मास्तर, म्हणून त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतूंवरचं आवरण झिजतंय. ते पुन्हा चढवणाऱ्या पेशी मेंदूत असतात, पण वय वाढलं की मंदावतात. जागेवर असतात, काम पुरं करत नाहीत."

मी हबकलो. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना कळेल असं, तारेवरच्या वॉर्निशासारखं, बोललं होतं.

"म्हंजे कारागीर शेतस," ते म्हणाले, "पन त्या बी मनासंगे म्हातारा व्हयी ग्यात!" आणि स्वतःकडे बोट दाखवून खदखदून हसले.

परतताना म्हणाले, "तुना जळेल फॅन मी भरसू. येळ लागी."

मी दयेपोटी हो म्हटलं, हे आता कबूल करतो. रोज दहा-बारा वेढे, चुकले की उलगडून पुन्हा. असे आठ महिने गेले, पण भाऊ खुशीत होते, असं काकू सांगतात. शेवटी वॉर्निश पाजलं, दुपारी जरा पडले, ते उठलेच नाहीत.

पंखा मी गच्चीवर ठेवला. "वाळलाय हो कधीच," बायको म्हणाली. तरी चार दिवस ठेवला. भाऊंचं तेवढंच काम उरलं होतं. पाचव्या दिवशी बटण दाबलं. पाती जरा अडखळली… आणि मग फिरायला लागली.