लाल तेवढा राहिला

आमच्या कॉलेजात लेसर चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याची एक खोड आहे. वस्तू यंत्राखाली ठेवली की तो आधी तिच्या मालकाला विचारतो, "खंय मारू? तुमीच बोट दाखवा."

लेसर बसला की तिथे क्षणभर प्लाझ्मा पेटतो आणि त्याच्या उजेडावरून रंगातला धातू ओळखता येतो. पण सुईच्या टोकाएवढा रंग उडतो, तो कायमचा. "कणभर आसलो तरी त्येंचोच रंग जाता, सर," तो म्हणतो. मला हा फाजील सोपस्कार वाटायचा.

पिंगुळीहून चित्रकथी सांगणारे एक आजोबा वडिलांच्या हातची चित्रं घेऊन आले. ते रंग कशाचे, हे मरायच्या आधी त्यांना जाणून घ्यायचं होतं. निळ्यासाठी त्यांनी खुशाल रावणावर बोट ठेवलं. "ह्या रावणाक मार रे. तेका काय होवचा नाय." हिरवा झाला, काळा झाला. लाल मात्र एकाच जागी होता, सीतेच्या कपाळावर. आजोबांचं बोट तिथवर गेलं. "मार," ते म्हणाले, पण बोट काही कागदाला टेकेना.

सहकाऱ्यानं लेसर बंद केला. "रवांदे, आबानू."

मी चरफडलो. पुढे विद्यापीठातून पाहुणे आले, त्यांनी लाल रंगाचं विचारलंच. "तो मोजता आला नाही," मी घाईनं सांगून टाकलं.

सहकारी लेसरसाठीचा काळा चष्मा पुसत होता. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "मोजता आला असता. मी मोजला नाही."