रविवारी मॅडम धारला जातात

देवासच्या कॉलेजात मी खेळाडू मुलांना इंग्रजी शिकवते. सकाळच्या सरावानंतर वर्गात बसली की त्यांच्या पापण्या जडावतात. म्हणून गेल्या वर्षी व्याकरण बाजूला ठेवून मी प्रकल्प दिला: एका माणसाची इंग्रजीत मुलाखत घ्या आणि तक्ता करून भिंतीवर लावा. कुणी प्रशिक्षकांना गाठलं, कुणी मैदानावर पाणी मारणाऱ्या काकांना. सतवासहून आलेल्या खो-खोच्या एका मुलीनं मला निवडलं.

प्रश्न तिनं पाठ करून आणले होते. शेवटचा होता, "मॅम, संडे यू गो व्हेअर?"

मी सांगितलं, धारला, आईकडे.

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. धारचं घर विकून भाऊ पुण्याला परतला होता. रोज फोनवर आईशी बोलायचे तेवढंच माझं मराठी उरलं होतं, तेही संपलं. पण मुलगी वही पुढ्यात घेऊन थांबली होती आणि रविवारी मी कुठेच जात नाही, हे मला म्हणवेना. तिच्या वाक्यातलं क्रियापद तेवढं दुरुस्त करून दिलं.

पुढच्याच रविवारी गावातल्या देवीच्या टेकडीच्या पायऱ्या उतरताना ती खालून धावत आली. दम वाढवायला रोज चढायची. मला पाहून थांबली, घरी नाही गेलात का म्हणाली. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर मराठीच बाहेर पडलं.

"आई नाही आता."

तिच्या हिंदीत आई म्हणजे आली. "बस नहीं आई?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. दुसरी येईल, असा धीर देऊन ती वर पळत गेली. मी खोलीवर येऊन दुपारभर पडून राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत तक्ता ती घरच्यांना दाखवायला घेऊन गेली. परतली ती लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. तिच्या आईनं माझ्या आईसाठी दिली होती. मग मात्र मी तिला बसवलं आणि सगळं हिंदीत नीट सांगितलं. तक्त्यावरच्या धारच्या त्या ओळीबद्दलही.

मी बरणी परत तिच्यापुढे सरकवली.

"आप खा लेना, मॅम," ती म्हणाली, आणि सरावाला उशीर होतोय म्हणून उठली.

ते लोणचं मला उन्हाळ्यापर्यंत पुरलं. जेवायला मी एकटीच होते.