निवडलेले दगड

मनकर्णाबाई कामात इतकी नेटकी नसती, तर मला आज स्वस्थ झोप लागली असती.

१९५५च्या जानेवारीत धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका नदीवर आमचा कॅम्प पडला. तिथे वीज काढायचं मोठं धरण बांधता येईल का, हे बघायचं होतं. नदीच्या पात्रात यंत्राने खोल भोकं पाडायची, आतला दगड उसाच्या कांड्यांसारखा वर काढायचा आणि लांबट लाकडी पेट्यांत ओळीने लावायचा. त्या पेट्या बघून नागपूरचे साहेब ठरवणार, की खालचा खडक धरणाचं ओझं पेलेल की नाही. खडक चांगला निघाला तरच दिल्लीहून पैसा. मी त्या कॅम्पचा कारकून होतो, कच्च्या नोकरीतला. धरण मंजूर झालं की कायम करू, असं वरून सांगितलेलं होतं. त्या आशेवर मी मच्छर, आमांश आणि ड्रिलर सरदारजींच्या शिव्या, तिन्ही सोसत होतो.

मनकर्णाबाई जवळच्या कोसमटोल्याची. ढिवराची विधवा, चाळिशीची, काटक. नवरा असेपर्यंत दोघं मिळून नदीत जाळं टाकत. तो गेल्यावर ती रोजीने आमच्याकडे लागली. वर आलेल्या कांड्या धुवायच्या आणि पेटीत लावायच्या, एवढंच काम. पण बाई अशी टापटिपीची, की पेटी उघडली की बघत राहावं. एकीला एक चिकटून कांड्या, मध्ये सूतभर फट नाही. यंत्रातून कधी कधी पिवळट, कुजका, चिमटीत चुरणारा माल यायचा. तो ती टोपलीत भरून झाडाखाली फेकून द्यायची. जन्मभर तांदळातले खडे निवडलेली बाई. ती खराब माल चांगल्यात कसा राहू देईल? हे सगळं ती माझ्यासमोर करायची.

आता माझं ऐका. यंत्राने दर वेळी कांडी काढली की किती फुटांवरची, ते लिहिलेला लाकडी ठोकळा पेटीत जागच्या जागी ठेवायचा, आणि मध्ये माल कमी असेल तर तेवढी जागा रिकामी सोडायची. हे काम माझं. सूचनांचा कागद मला दिला होता, तो मी वाचला नव्हता. उन्हात पात्रापर्यंत कोण जाणार? संध्याकाळी तंबूत बसून मी अंदाजाने पाच-पाच फुटांवर ठोकळे मांडायचो आणि रजिस्टर भरायचो. तिने कुजका दगड काढून टाकला आणि मी त्याची जागासुद्धा पुसून टाकली.

मार्चमध्ये नागपूरहून बक्षी साहेब पेट्या तपासायला आले. पेट्या बघून माणूस खूश. मनकर्णाबाई तिथेच कांड्या पुसत होती. तिला ते कौतुकाने म्हणाले, "काय खडक आहे बाई! अख्खा! मध्ये कुठे कुजका पट्टा असता, तर पाणी अडवल्यावर धरण तिथूनच फुटलं असतं. खालची गावंच्या गावं वाहून गेली असती."

तिचा हात थांबला. तिची एकुलती एक पोर, रंभा, नदीच्या खालच्या अंगाच्या गावात दिलेली होती.

साहेब जेवायला गेल्यावर ती माझ्या तंबूत आली.

"बाबूजी, तो सडका दगड म्या तं लय फेकला."

"किती?"

"टोपलेच्या टोपले. आता कसं करू? साहेबाले सांगू काय?"

माझ्या पोटात गोळा आला. तिची चूक कळली असती तर पाठोपाठ माझी कळणारच होती. मी म्हणालो, "गप बस. साहेबांना सगळं कळतं."

ती गप बसली, पण कशी! एकच कांडी चार-चारदा धुवायची. उठून झाडाखालच्या ढिगाऱ्याकडे जायची, मूठभर माती हातात चुरायची, परत यायची. जेवणाची सुटी झाली तरी भाकरीचं फडकं सोडायची नाही. तिच्याकडे बघून मलाही बसवेना. मी आकडे खोडत होतो, पुन्हा तेच लिहीत होतो. चौथ्या दिवशी ती सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

साहेब हसले. "मनकर्णाबाई, तुझं कोसमटोला धरणात बुडणार आहे. म्हणून दगड कुजका म्हणतेस, होय ना?"

"नाई साहेब. खरं सांगून राह्यली. बाबूजीले पुसा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ठोकळे जागच्या जागी ठेवलेत ना?"

"हो साहेब," मी म्हणालो. "फेकताना मी काही पाहिलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नवल वाटल्यासारखी. मी टाक झटकायला लागलो, आणि टाकात शाई नव्हतीच.

कोसमटोल्याने तेव्हा देवापुढे नारळ ठेवून शपथ घेतली होती, की गाव सोडायला कबूल असल्याच्या कागदावर कोणीही अंगठा द्यायचा नाही. तहसीलचा माणूस दोनदा हात हलवत परत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई पुन्हा आली आणि साहेबांच्या टेबलापुढे अंगठा धरून म्हणाली, "तो कागद काढा. घर घ्या, वावर घ्या. माह्या गावासाठी मी खोटं बोलून नाई राह्यली. आता तं खरं मानसान? एक भोक अजून पाडा, तेवढंच मागतो."

साहेबांचं हसू गेलं. मग त्यांनी कागद आणवला, तिचा अंगठा घेतला आणि सरदारजींना यंत्र लावायला सांगितलं. या खेपेला साहेब स्वतः पात्रात उभे राहिले. बेचाळीस फुटांवर कांडी आली नाही. पिवळा चिखल आला, तो पन्नास फुटांपर्यंत येतच राहिला. शेजारी आणखी दोन भोकं पाडली, तिथेही तेच.

जागा रद्द झाली. माझी कच्ची नोकरी आता साहेबांच्याच मर्जीवर होती. साहेबांनी मला विचारलं, की पहिल्या पेट्यांत हे कसं दिसलं नाही. मी म्हणालो, बाईने ठोकळे हलवले असतील. रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात.

गाव वाचलं, पण गावाला एवढंच कळलं, की नारळाची शपथ मोडून मनकर्णाने अंगठा दिला. तिच्या घरचं पाणी कोणी पिईना. दोन लग्नं झाली, तिला कोणी अक्षता दिल्या नाहीत. ती ज्याला त्याला सांगत होती, अंगठा कशासाठी दिला ते. कोण मानणार?

कॅम्प उठला त्या दिवशी गाव बघायला जमलं होतं. मी जीपमध्ये चढत होतो. पुढच्या सीटवर साहेब कागद चाळत बसले होते. गावचा पाटील मनसाराम पुढे आला. मागे जरा दूर मनकर्णाबाई उभी होती.

"बाबूजी," मनसाराम म्हणाला, "हे बाई म्हणते, तिचा सडका दगड फेकणं तुमी डोयानं पाह्यलं. तिनं खरं सांगतलं म्हणून धरण गेलं म्हणते. तुमी हो म्हना, आमी आजच तिले पंगतीत घेतो. खरं काय हाय?"

एक शब्द बोलायचा होता. साहेबांची मान माझ्यापासून दोन हातांवर होती.

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

मनसारामने वळून तिच्याकडे पाहिलं. गर्दीत कोणीतरी थुंकलं. मला वाटलं, आता ही मला भरचौकात सोलणार. ती दोन पावलं पुढे आली आणि मनसारामला म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. नोका पुसू त्याले. त्याची नौकरी जाईन."

साहेबांनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांनी मान वर केली नाही. जीप सुरू झाली. तिने मला आई-माईवरून शिव्या घातल्या असत्या, तर मी त्या केव्हाच विसरून गेलो असतो.